सत्र-सुरक्षा, संकेतस्थळांवरील

संकेतस्थळावर नाव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश केल्यापासून तेथून बाहेर पडेपर्यंतच्या कालावधीस ‘सत्र’ असे म्हणतात. या कालावधीत वापरणाऱ्याची ओळख टिकवून धरण्याच्या व्यवस्थेस सत्र-व्यवस्थापन आणि ती ओळख दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून योजलेल्या उपायांस सत्र-सुरक्षा ही संज्ञा आहे. परवलीचा शब्द फक्त प्रवेशाच्या क्षणी तपासला जातो. त्यानंतर सर्व्हर त्या व्यक्तीस एक दीर्घ क्रमांक देतो आणि पुढील प्रत्येक मागणीबरोबर तो क्रमांक परत आला की, मागणी त्याच व्यक्तीची आहे असे मानतो. म्हणजे प्रवेशानंतर सर्व्हर माणसाला ओळखत नाही, तर त्याच्या हातातील चिठ्ठीला ओळखतो. सत्र-सुरक्षेतील बहुतेक सर्व दोष या एका वस्तुस्थितीतून उद्‌भवले आहेत. एकच संगणक अनेकांनी वापरण्याची पद्धत जेथे रूढ होती, त्या महाराष्ट्रातील शहरांत व नव्या वसाहतींत त्यांचे परिणाम विशेष जाणवले.

पूर्वपीठिका : ओळख पटविण्याच्या दोन भिन्न रीती फार पूर्वीपासून प्रचारात आहेत. गडाच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. तो माणसाच्या मनात असे आणि बोलून दाखविला की त्याचे काम संपे. याउलट, मराठा अमलात चौक्यांवरून माल किंवा माणसे नेताना दस्तक दाखवावे लागे. दस्तक हातात बाळगावयाचे असल्याने ते हरवू शके, चोरीस जाऊ शके वा त्याची नक्कल होऊ शके. म्हणून त्यावर शिक्का असे. शिवकालीन पत्रांत आरंभी शिक्का व मजकूर संपताच मोर्तब करण्याची पद्धत होती. मोर्तबानंतर मजकुरात भर घालता येत नसे. संकेतस्थळांवरील परवलीचा शब्द हा परवलीच्या आणि सत्र-क्रमांक हा दस्तकाच्या जातीचा आहे. दस्तक खरे असणे, ते त्याच माणसाच्या हाती असणे आणि मुदत संपताच ते रद्द होणे या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सांभाळाव्या लागतात.

आरंभीच्या संगणकांना हा प्रश्न नव्हता. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकावर आणि तेथेच १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी-३६०० या संगणकावर छिद्रित फिती किंवा छिद्रित पत्रिका यांच्या द्वारे कामे दिली जात. काम घेऊन येणारा माणूस समोर उभा असल्यामुळे त्याची ओळख यंत्राने पटविण्याचे कारण नव्हते. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत निघाल्यावर ही स्थिती बदलली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फेर्नांदो कॉर्बाटो (१९२६–२०१९) यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या प्रणालीचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तीत परवलीचा शब्द योजण्यात आला. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने अधिक संगणक-वेळ मिळावा म्हणून परवलीच्या शब्दांची संपूर्ण फाइलच छापून घेतली, ही या क्षेत्रातील अगदी सुरुवातीची चोरी मानतात. तथापि त्या काळी सत्र सांभाळणे सोपे होते. वापरणाऱ्याचे टंकयंत्र संगणकास तारेने जोडलेले असे आणि तार जोडलेली असेपर्यंत माणूस तोच, असे गृहीत धरता येई.

वेबची विस्मृती व कुकी : टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत १९८९–९१ या काळात वेबची उभारणी केली ती शोधनिबंध व माहिती एकमेकांस उपलब्ध व्हावी या हेतूने. या व्यवस्थेत ब्राउझर पानाची मागणी करतो, सर्व्हर पान पाठवितो आणि व्यवहार तेथेच संपतो. पुढची मागणी आली की, ती आधीच्याच माणसाची आहे किंवा काय, हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नसतो. या विस्मरणशीलतेमुळे सर्व्हरवरील भार कमी राहिला व वेब वेगाने पसरले. परंतु खरेदी, पत्रव्यवहार किंवा बँकेचा व्यवहार करावयाचा तर आठवण आवश्यक होती.

नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर उपाय काढला. सर्व्हरने उत्तराबरोबर मजकुराचा एक लहान तुकडा पाठवावा, ब्राउझरने तो जपून ठेवावा आणि त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढील प्रत्येक मागणीस तो जोडावा, अशी ही योजना होती. या तुकड्यास ‘कुकी’ हे नाव पडले. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचे पहिले प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष वापराशी जुळणारे सुधारित पत्रक एप्रिल २०११ मध्ये निघाले. पहिली योजना खरेदीच्या टोपलीतील वस्तू लक्षात ठेवण्यासारख्या किरकोळ कामांसाठी होती. पुढे तिच्यावरच पत्रपेटी, बँकेचे खाते व शासकीय दाखले यांच्या प्रवेशाचा भार पडला. वजन वाढत गेले, पण पाया तोच राहिला, असे या इतिहासाचे सार सांगता येईल.

दोष व त्यांचा शोध : सत्र-व्यवस्थापनातील दोष पाच-सहा वर्गांत मोडतात. त्यांचा उलगडा सामान्यतः एखाद्या मोठ्या प्रसंगानंतर होत गेला.

पहिला दोष अंदाज करता येण्याजोग्या क्रमांकांचा होय. आरंभीच्या अनेक संकेतस्थळांवर सत्र-क्रमांक ओळीने दिले जात किंवा ते वेळ व सभासद-क्रमांक यांच्यापासून बनविलेले असत. स्वतःच्या क्रमांकात एक मिळविला की दुसऱ्याचे सत्र हाती लागे. यावर उपाय म्हणून सत्र-क्रमांक पूर्णपणे यदृच्छ असावा व त्यात किमान ६४ द्विमान अंकांइतकी अनिश्चितता असावी, असा दंडक रूढ झाला. एखाद्या संकेतस्थळावर एका वेळी १ लाख सत्रे चालू आहेत व हल्लेखोर दर सेकंदास १० हजार क्रमांक आजमावीत आहे असे धरले, तर असा एक क्रमांक सापडण्यास सरासरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. क्रमांकात फेरफार होऊ नये म्हणून त्यास सर्व्हरची सांकेतिक स्वाक्षरी जोडण्याची रीत शिक्का-मोर्तबाच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे.

दुसरा दोष तपासणीच वगळली जाण्याचा. ऑगस्ट १९९९ च्या अखेरीस हॉटमेल या पत्रसेवेत असे आढळले की, एका विशिष्ट पानाद्वारे केवळ सभासदाचे नाव व एक ठराविक लहान शब्द दिल्यास कोणाचीही पत्रपेटी उघडत असे. दुरुस्तीसाठी सेवा काही तास बंद ठेवावी लागली. मुख्य दरवाजावर पहारा कडक असला, तरी मागच्या वाटेवर तो नसेल तर उपयोग नसतो, हे या प्रसंगाने जगभर कळले.

तिसरा दोष वाटेत होणाऱ्या चोरीचा. २००० नंतरच्या दशकात अनेक मोठी संकेतस्थळे परवलीचा शब्द सांकेतिक रूपात घेत. परंतु प्रवेश झाल्यावर खर्च वाचविण्यासाठी उरलेली पाने साध्या रूपात पाठवीत. परवलीचा शब्द सुरक्षित राही आणि कुकी मात्र उघड्यावर प्रवास करी. ऑक्टोबर २०१० मध्ये सॅन डिएगो येथील एका परिषदेत एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे साधन जाहीर केले. उपाहारगृहासारख्या ठिकाणच्या खुल्या वायफायवर इतरांच्या कुकी पकडून त्यांच्या खात्यांत एका टिचकीसरशी शिरता येते, हे त्याने दाखविले. हा धोका तज्ज्ञांना वर्षानुवर्षे माहीत होता. तो सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर आल्यावरच मोठ्या कंपन्यांनी संपूर्ण वावर सांकेतिक करण्यास गती दिली. संकेतस्थळाशी संपर्क केवळ सांकेतिक मार्गानेच व्हावा, असे ब्राउझरवर बंधन घालणारे प्रमाणपत्रक नोव्हेंबर २०१२ मध्ये आले.

चौथा दोष ‘सत्र-रोपण’ म्हणून ओळखला जातो. यात हल्लेखोर दुसऱ्याचा क्रमांक चोरीत नाही, तर स्वतःस ठाऊक असलेला क्रमांक आधीच त्याच्या ब्राउझरमध्ये पेरून ठेवतो. त्या माणसाने प्रवेश केला की, तोच क्रमांक अधिकृत होतो. स्लोव्हेनियातील मित्या कोल्शेक यांनी २००२ मध्ये या दोषाचे सविस्तर विवेचन केले. प्रवेश होताच जुना क्रमांक रद्द करून नवा द्यावा, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

पाचव्या वर्गात पानामध्ये परका आज्ञासंच घुसवून कुकी वाचण्याचे व दुसऱ्या संकेतस्थळावरून वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या सत्रात मागणी धाडण्याचे प्रकार येतात. पहिल्या प्रकाराविषयी अमेरिकेतील संगणक-आपत्ती केंद्राने फेब्रुवारी २००० मध्ये इशारा दिला होता आणि २००२ पासून आज्ञासंचांना कुकी वाचता येणार नाही अशी खूण ब्राउझरांत आली. दुसऱ्या प्रकारासाठी, परक्या संकेतस्थळावरून निघालेल्या मागणीस कुकी जोडू नये हा नियम प्रमुख ब्राउझरांत २०२० च्या सुमारास आपोआप लागू होऊ लागला. संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी २००१ मध्ये स्थापन झालेली ओवॅस्प ही स्वयंसेवी संस्था प्रमुख दोषांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. तिच्या २०१३ च्या यादीत सदोष ओळख-तपासणी व सत्र-व्यवस्थापन यांस दुसरे स्थान होते.

सहावा दोष सत्र न संपण्याचा होय. तो समजण्यास सर्वांत सोपा असला, तरी भारतीय परिस्थितीत सर्वांत महत्त्वाचा ठरला; म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

सायबर कॅफे व ऑर्कुट प्रकरण : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यापूर्वी १९८६ पासूनच्या अर्नेट या शैक्षणिक जालात मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्था व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्थांचा सहभाग होता. परंतु तो संशोधकांपुरता मर्यादित होता. १९९५ नंतरही घरी संगणक व दूरध्वनी दोन्ही असलेली कुटुंबे थोडी होती. त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत आणि पाठोपाठ तालुक्यांच्या गावी सायबर कॅफे निघाले. अर्ध्या तासाचे वा तासाचे पैसे देऊन संगणकावर बसावयाचे व वेळ संपताच पुढच्या माणसास जागा द्यावयाची, हा तेथील शिरस्ता असे. परीक्षेचा निकाल पाहणे, नोकरीचे अर्ज भरणे, परदेशातील नातेवाइकांस पत्र पाठविणे ही कामे याच संगणकांवर होत. पाश्चात्त्य संकेतस्थळांची रचना मात्र एक संगणक म्हणजे एक माणूस किंवा एक कुटुंब असे गृहीत धरून झालेली होती.

गूगलने २४ जानेवारी २००४ रोजी सुरू केलेले ऑर्कुट हे समाजमाध्यम ब्राझील व भारत या दोन देशांत सर्वाधिक लोकप्रिय झाले. जून २००७ मध्ये दोन भारतीय संगणक अभियंत्यांनी त्यातील एक दोष जाहीर केला. ऑर्कुटमधून बाहेर पडण्याची कळ दाबली असता ब्राउझरमधील कुकी पुसली जाई. परंतु सर्व्हरच्या नोंदीत तो सत्र-क्रमांक तसाच जिवंत राही. बाहेर पडण्यापूर्वी कोणी त्या कुकीची नक्कल करून ठेवली असेल, तर खऱ्या सभासदाने आपले सत्र संपविल्यानंतरही नक्कल बाळगणाऱ्यास त्या खात्यात शिरता येई. त्यानंतर आठवड्याभरात, विशिष्ट परिस्थितीत याच मार्गाने गूगलच्या पत्रसेवेपर्यंतही पोहोचता येते, असे दाखविण्यात आले. अशी सत्रे बाहेर पडल्यानंतर १४ दिवसांपर्यंत चालू राहतात, असे पुढील एका प्रयोगात आढळले.

या दोषाचे गांभीर्य तांत्रिक असण्यापेक्षा सामाजिक अधिक होते. घरच्या संगणकावर कुकीची नक्कल करण्याची संधी परक्यास क्वचितच मिळते. सायबर कॅफेत संगणक दुसऱ्याचा, जोडणी दुसऱ्याची आणि मागच्या खुर्चीवर वाट पाहणाराही परका असतो. तेथे वापरणाऱ्याच्या हाती सुरक्षेचे एकच साधन होते, ते म्हणजे बाहेर पडण्याची कळ. परवलीचा शब्द कोणास न सांगणारा व उठण्यापूर्वी आठवणीने बाहेर पडणारा सावध माणूसही या दोषापुढे असहाय होता. कारण ज्या कळीवर त्याने विसंबावे, ती केवळ त्याच्या समोरचे दार लावीत होती, वाड्याची नोंदवही बदलीत नव्हती. ब्राउझरमधील नोंद व सर्व्हरमधील नोंद या दोन्ही पुसल्याखेरीज सत्र संपत नाही, हे तत्त्व यामुळे स्पष्ट झाले. सप्टेंबर २०१० मध्ये ऑर्कुटवर ‘बॉम सबादो’ नावाचा परक्या आज्ञासंचाचा उपद्रव झाला व त्यातही सभासदांच्या सत्रांचा गैरवापर झाला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले.

ओळखीची गफलत : चिठ्ठीस माणूस समजण्याची चूक यंत्रापुरती मर्यादित राहिली नाही. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुटवर टाकलेल्या बदनामीकारक मजकुरामुळे २००६ च्या अखेरीस पुण्यासह महाराष्ट्रात ठिकठिकाणी निषेध झाला आणि काही सायबर कॅफेंची मोडतोडही झाली. या संदर्भातील तपासात पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूर येथील एका संगणक अभियंत्यास अटक केली. मजकूर ज्या जालपत्त्यावरून टाकला गेला, तो पत्ता त्या वेळी त्याच्या नावावर होता, अशी माहिती सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून मिळाली होती. ती माहिती चुकीची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. तोपर्यंत त्या निरपराध तरुणास सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले.

जालपत्ता हा सत्र-क्रमांकाहून वेगळा असला, तरी दोहोंचे स्वरूप सारखे आहे. दोन्ही ठराविक वेळेपुरते दिले जातात, दोन्ही एका हातून दुसऱ्या हाती जातात आणि दोन्हींवरून माणसाविषयी केवळ अनुमान करता येते. वेळेच्या नोंदीत चूक झाली वा संगणक अनेकांच्या वापरात असला, तर ते अनुमान निराधार ठरते. चोरलेल्या सत्रातून केलेले कृत्य नोंदवहीत खऱ्या खातेदाराच्याच नावावर चढते. त्यामुळे सत्र-सुरक्षेतील उणिवेने माणसाचे पैसे किंवा पत्रे जातात एवढेच नव्हे, तर न केलेल्या गोष्टीची जबाबदारीही त्याच्यावर येऊ शकते.

कायदा व नियमन : १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने संगणकातील अनधिकृत प्रवेशाबद्दल भरपाईची तरतूद केली. २००८ मध्ये संमत व २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘६६ ग’ हे कलम घातले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, परवलीचा शब्द किंवा ओळखीची अन्य कोणतीही एकमेव खूण कपटाने वापरणे हा त्याअन्वये गुन्हा असून, त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘ओळखीची अन्य खूण’ या व्यापक शब्दयोजनेत सत्र-क्रमांकाचाही समावेश करता येतो.

११ एप्रिल २०११ रोजी केंद्र शासनाने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे, त्याची नोंद ठेवणे व ती किमान १ वर्ष जपणे बंधनकारक झाले. या नियमांचा रोख कोण कोठे बसला होता हे पोलिसांस कळावे याकडे होता. बसलेल्याचे सत्र उठल्यावर खरोखर संपले किंवा नाही, याची जबाबदारी संकेतस्थळावर टाकण्याचा प्रश्न त्यांच्या कक्षेत नव्हता.

बँकव्यवहारात याची दखल लवकर घेतली गेली. मुंबईस्थित भारतीय रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे दिली. कार्ड प्रत्यक्ष सादर न करता होणाऱ्या व्यवहारांसाठी १ ऑगस्ट २००९ पासून आणखी एका पुराव्याची अट घातली गेली. यामुळे सत्र चोरीस गेले, तरी पैसे काढण्यापूर्वी दुसरी परवल विचारली जाऊ लागली. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताकडून झालेला अनधिकृत व्यवहार ३ कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार पडणार नाही, असे ठरविले. जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये सुरक्षाभंगाची वर्दी ६ तासांत देणे व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे सक्तीचे केले. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात वाजवी सुरक्षा न राखणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कामोठे व नवी मुंबई : रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील कामोठे हे या प्रश्नाचे आजचे स्वरूप समजून घेण्यास उपयुक्त असे ठिकाण आहे. मूळ गावाच्या परिसरात सिडकोने (स्थापना १७ मार्च १९७०) नवी मुंबईचा एक विभाग म्हणून ही वसाहत वसविली. शीव–पनवेल महामार्ग व हार्बर मार्गावरील मानसरोवर स्थानक यांमुळे ती मुंबईशी जोडलेली असून, महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा कामोठे तीत समाविष्ट झाले. नोकरीनिमित्त रोज बाहेर जाणारे, भाड्याने राहणारे व शिक्षणासाठी आलेले अशा लोकवस्तीच्या या भागास कार्यालयीन खेपा वाचविणाऱ्या ऑनलाइन सेवांची निकड स्वाभाविकच आहे.

अशा वसाहतीतील कुटुंबाची शासनाशी होणारी गाठ एकेक करून संकेतस्थळावर गेली. मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होऊ लागले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नंतर उत्पन्न, वय व अधिवास इ. दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळ व त्याची सेवा केंद्रे प्रचारात आली. २०१८ मध्ये सिडकोने खारघर, कळंबोली, तळोजे, घणसोली व द्रोणागिरी येथील १४,८३८ घरांच्या योजनेचे अर्ज ऑनलाइन मागविले. महानगरपालिकेचा मालमत्ता करही ऑनलाइन भरता येतो. या प्रत्येक सेवेत प्रवेश, सत्र व निर्गमन हे तीनही टप्पे असतात आणि त्यांत घराचा हक्क, मुलाचे शिक्षण किंवा आयुष्यभराची बचत गुंतलेली असते.

सायबर कॅफे मोबाइलच्या प्रसारानंतर ओसरले. परंतु एक संगणक अनेकांनी वापरण्याची रीत संपली नाही. सेवा केंद्रे, झेरॉक्सची दुकाने व अर्ज भरून देणारे मध्यस्थ यांच्याकडे ती चालू आहे. फॉर्म मोठा, भाषा अवघड व कागदपत्रे विशिष्ट आकारात चढवावयाची असल्याने घरी मोबाइल असलेलाही तेथे जातो. त्याचे सत्र दुकानदाराच्या संगणकावर उघडते. मोबाइलवर आलेला एकवेळचा संकेत तो वाचून दाखवितो आणि काम झाल्यावर पावती घेऊन निघतो. सत्र बंद झाले किंवा नाही, हे पाहण्याचे त्यास सुचत नाही आणि सुचले तरी कळण्याचा मार्ग नसतो. चालक प्रामाणिक असला, तरी त्याच संगणकावर पुढे बसणाऱ्यांविषयी खात्री देता येत नाही. २००७ मध्ये ऑर्कुटच्या सभासदांपुढे जो प्रश्न होता, तोच येथे मौजमजेच्या खात्याऐवजी दाखल्यांच्या व घराच्या अर्जाच्या खात्यास लागू होतो.

याच शहराच्या दुसऱ्या टोकास ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात मोठी माहिती केंद्रे असून, बेलापूर येथे भारतीय स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. सत्रांची नोंद राखणारी यंत्रे व त्या सत्रांवर विसंबणारी माणसे एकाच शहरात काही किलोमीटरांच्या अंतराने नांदतात. पहिल्यांच्या संरक्षणासाठी पहारे, लेखापरीक्षण व राखीव वीज असते. दुसऱ्यांच्या संरक्षणासाठी संकेतस्थळाची रचना हेच एक साधन असते. काही मिनिटे हालचाल न झाल्यास सत्र आपोआप संपविणे, सार्वजनिक संगणकावर ओळख लक्षात न ठेवणे, निर्गमनाबरोबर सर्व्हरवरील नोंद रद्द करणे, खातेदारास चालू सत्रांची यादी दाखवून ती सर्व एकदम बंद करण्याची सोय देणे आणि मोबाइल-क्रमांक वा बँक खाते बदलण्यापूर्वी ओळख पुन्हा तपासणे, हे उपाय खर्चिक नाहीत. शासकीय संकेतस्थळांचे सुरक्षा-परीक्षण सर्ट-इनने मान्यता दिलेल्या परीक्षकांकडून करून घेण्याची पद्धत आहे. त्या परीक्षणात हे मुद्दे येतात.

अलीकडील घडामोडी : परवलीच्या शब्दास एकवेळच्या संकेताची जोड मिळाल्यावर हल्लेखोरांचे लक्ष सत्राकडे अधिक वळले, कारण सत्र-क्रमांक हा सर्व तपासण्या पार पडल्यानंतरचा असतो आणि तो मिळाल्यास परवलीचा शब्द व एकवेळचा संकेत या दोहोंची गरज उरत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने आपल्या एका सोयीतील दोषामुळे सुमारे ५ कोटी खात्यांच्या प्रवेशचिठ्ठ्या धोक्यात आल्याचे जाहीर केले व खबरदारी म्हणून सुमारे ९ कोटी सभासदांची सत्रे संपविली. प्रत्यक्षात सुमारे ३ कोटी खात्यांच्या चिठ्ठ्या चोरीस गेल्या, असे पुढे कंपनीने सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिट्रिक्स कंपनीच्या जालसाधनांतील एका दोषातून चालू सत्रांचे क्रमांक बाहेर पडत असल्याचे उघड झाले. साधन दुरुस्त केल्यावरही जुनी सत्रे मुद्दाम रद्द करावी लागली, कारण चोरलेली चिठ्ठी दुरुस्तीने निकामी होत नाही. ब्राउझरमध्ये साठविलेल्या कुकी एकगठ्ठा उचलून नेणारे आज्ञासंचही या काळात फैलावले. यावर उपाय म्हणून, सत्र-क्रमांक विशिष्ट यंत्रातील गुप्त किल्लीशी बांधून टाकण्याची योजना गूगलने एप्रिल २०२४ मध्ये पुढे मांडली. तीनुसार दुसऱ्या यंत्रावर नेलेली चिठ्ठी लवकरच निरुपयोगी ठरते.

हा उपाय चोरी करणारा दूर असेल तेव्हा प्रभावी आहे. चिठ्ठी ज्या यंत्राशी बांधावयाची ते यंत्रच अनेकांच्या वापरात असेल, तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. त्यामुळे सेवा केंद्रांवर अवलंबून असलेल्या वस्तीत सत्र वेळेवर व पूर्णपणे संपविणे हा जुना नियमच अद्यापि मुख्य आधार आहे. परवलीचा शब्द गुप्त ठेवण्याचे काम नागरिकाचे आहे. सत्राचा शेवट करण्याचे काम मात्र संकेतस्थळ चालविणाऱ्या संस्थेचे असून, ते नागरिकाच्या सावधगिरीवर सोपविता येत नाही.